जुनी सॅन स्टॉर्म: कूलंटची टाकी हेडरपासून लांब न्यायची आहे, कुठे आणि कशी बसवावी?

स्टॉर्म_नाशिकरोड

नमस्कार मंडळी. गाडी सॅन स्टॉर्म, इंजिन रेनॉचं ११४९ सीसी डी७एफ, बॉडी फायबरची. आधीच्या मालकाने एक्झॉस्टला हेडर (इंजिनमधून गरम धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांचा जोड) बसवून घेतला आहे आणि त्याच वेळी कूलंटची टाकीही बदललेली दिसते. त्यामुळे मूळ टाकी कुठे होती हे आता गाडीवरून कळत नाही.

सध्याची टाकी पांढऱ्या प्लास्टिकची होती, आता पिवळी-तपकिरी पडली आहे. हेडरच्या सर्वांत जवळच्या पाइपपासून अंतर जेमतेम ६० मिमी. टाकीचे दोन अर्धे जिथे जोडलेले असतात त्या शिवणीवर, खालच्या अंगाला, साधारण ४० मिमीची केसासारखी चीर आहे आणि तिच्या कडेने हिरवट-पांढरी खपली धरली आहे. बोटाने खरवडली की पडते, दोन-चार दिवसांत पुन्हा जमते.

शहरात तापमानाचा काटा मध्यावर असतो. कसारा घाट चढून इगतपुरीला गाडी बंद केली की पाचेक मिनिटांत कॅपमधून फसफस होऊन अर्धा लिटरभर कूलंट बाहेर पडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिएटरचा वरचा होज चपटा झालेला असतो. गाडी थंड असताना मात्र थेंबभरही गळत नाही.

रेडिएटरला वर कॅपचं तोंड नाही, कॅप टाकीवरच आहे. टाकीला दोन नळ्या आहेत: तळाशी १९ मिमीची, माथ्यावर ८ मिमीची.

माझा विचार असा की ही टाकी काढून मारुती ८०० ची पांढरी बाटली पुढच्या बंपरच्या आत, डाव्या चाकाच्या पुढे बसवावी. तिथे जागा आहे, वारा लागतो, हेडर लांब आहे. हे चालेल का? नळ्या कोणत्या घ्याव्यात आणि फायबरला पकड कशी द्यावी?

---

थर्मोस्टॅट८८

भाऊ, आहे त्या रचनेत ८०० ची बाटली अजिबात लावू नका. पहिल्याच घाटात फुटेल किंवा झाकण उडेल. कारण नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

गाड्यांमध्ये दोन पद्धती असतात. एकीत दाबाची कॅप रेडिएटरच्या तोंडावर असते आणि तिथून एक बारीक नळी साध्या बाटलीत जाते. बाटलीत दाब नसतो, तिच्या झाकणाला हवेचं भोक असतं. मारुती ८०० ची बाटली या जातीची. दुसऱ्या पद्धतीत कॅप टाकीवरच असते आणि टाकी पूर्ण दाबाखाली काम करते. तुमच्या गाडीत रेडिएटरला तोंड नाही, टाकीला तळाशी १९ मिमीची नळी आहे, म्हणजे तुमची दुसरी पद्धत. तळाची जाड नळी पंपाच्या ओढीच्या बाजूला कूलंट देते, वरची बारीक नळी सिलिंडर हेडमधली (इंजिनचा वरचा भाग) आणि रेडिएटरमधली हवा टाकीत आणून सोडते.

या दुसऱ्या पद्धतीत टाकी सगळ्या यंत्रणेत सर्वांत उंच असायला लागते. हवा वरच जाते. टाकी बंपरमध्ये खाली ठेवली की हवेला सर्वांत उंच जागा सापडते ती सिलिंडर हेडमध्ये, आणि तिथे हवेचा बुडबुडा अडकला की त्या भागातलं ॲल्युमिनियम थेट भाजतं. काटा तेव्हा मध्यावरही दिसू शकतो, कारण सेन्सरभोवती पाणीच नसतं. हेड वाकतं ते असं.

आता तुमची लक्षणं. नाशिक आणि इगतपुरी दोन्ही समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर. या उंचीवर साधं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. अर्धा कूलंट-अर्धं पाणी असं मिश्रण १०५ च्या जवळ. १.१ बारची कॅप नीट धरत असेल तर तेच मिश्रण १२५ च्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. घाट चढून इंजिन बंद केलं की पंप थांबतो, हेडच्या धातूतली उष्णता उभ्या कूलंटमध्ये उतरते आणि तापमान काही मिनिटं उलट वाढतं. तुमची यंत्रणा दाब धरत नाही, म्हणून नेमकं तेव्हा उकळतं.

सकाळी होज चपटा म्हणजे कॅपमधली आत ओढणारी छोटी झडप अडकली आहे. कूलंट गार होऊन आकसतो, हवा आत यायला वाट नाही, मग होज दबतो. आणि चीर असूनही होज चपटा होतोय याचा अर्थ चीर गार असताना मिटलेली असते, गरम दाबाखालीच उघडते. थंड गाडीवर गळती शोधून ती सापडणार नाही.

म्हणजे टाकी आणि कॅप दोन्ही गेलेल्या आहेत. मात्र नवीन काही विकत घेण्याआधी हेड गॅस्केट (हेड आणि इंजिनच्या ब्लॉकमधलं सील) तपासा. निळ्या द्रवाची ब्लॉक टेस्टर नळी टाकीच्या तोंडावर धरायची, इंजिन गरम करून आयडलवर ठेवायचं. निळं द्रव पिवळं झालं तर जळलेला वायू कूलंटमध्ये येतोय आणि मग कितीही चांगली टाकी बसवली तरी कूलंट बाहेर येणारच. चाचणीआधी टाकीतली पातळी थोडी उतरवा, द्रवात कूलंट गेला तर निकाल भरवशाचा राहत नाही.

---

जुनीगाडी_देवळाली

वरच्या सगळ्याशी सहमत. टाकीच बदलायची असेल तर लोगनची पाहा. महिंद्रा-रेनॉची लोगन २००७ पासून आपल्या नाशिकच्या कारखान्यातच बनायची, २०११ मध्ये तीच व्हेरिटो झाली. त्यामुळे तिचे सुटे भाग इथे सहज मिळतात. टाकी दाबाची आहे, कॅप आट्यांची आहे.

टाकी घेताना जुनी टाकी आणि व्हर्नियर सोबत न्या. नळीच्या आतल्या व्यासापेक्षा टाकीच्या तोटीचा बाहेरचा व्यास अर्धा-एक मिमी जास्त असावा. तोटी बारीक निघाली तर क्लिप आवळून भागवू नका. प्लास्टिकची तोटी वर्म क्लिपने (स्क्रूने आवळायची पट्टी) चेपते आणि वर्षभरात मुळाशी तडकते. प्लास्टिकवर स्प्रिंगची क्लिप लावा, ती गरम-गार होताना स्वतः दाब सांभाळते. धातूच्या तोटीवर वर्म क्लिप चालते.

कॅप टाकीसोबत नवीनच घ्या आणि तिच्यावरचा दाब वाचा. तुमचे होज आणि हीटर कोअर जुने असतील तर १.१ ते १.२ पुरे आहे. १.४ ची लावली तर पुढचा कच्चा दुवा कुठला ते रस्त्यात कळेल.

---

टिगवाला_अंबड

प्लास्टिकला विरोध नाही, पण लोगनची टाकी रुंद आहे आणि स्टॉर्मचं बोनेट उतरतं आहे. जागेला बसेल अशी ॲल्युमिनियमची करून घेणं सोपं पडतं. अंबड आणि सातपूर दोन्हीकडे टिग वेल्डिंगवाले भरपूर आहेत, फक्त त्यांच्या हातात नीट माप द्या.

चौकोनी डबा करू नका. सपाट भिंत दाबाखाली फुगते आणि कोपऱ्याच्या वेल्डवर ताण येतो. बाहेरून १०० मिमी व्यासाचा, ३ मिमी जाडीचा पाइप घ्या, १८० मिमी लांब, दोन्ही टोकांना ३ मिमीच्या तबकड्या. आत साधारण सव्वा लिटर मावतं. ५ लिटरच्या आसपासच्या यंत्रणेला १.२ ते १.५ लिटरची टाकी बरोबर.

हा आकडा कुठून येतो तेही सांगतो, कारण लहान टाकी हीच चूक सगळ्यात जास्त दिसते. अर्धं-अर्धं मिश्रण २० अंशांपासून ९५ पर्यंत तापलं की सुमारे ५ टक्के फुगतं. ५ लिटरला पाव लिटर. गार असताना टाकीत ७०० मिली हवा असेल तर गरम झाल्यावर ती ४५० पर्यंत दबते आणि दाब कॅपच्या हद्दीत राहतो. हवा फक्त ३०० मिली ठेवली, म्हणजे टाकी तीन-चतुर्थांश भरली, तर ५० मिलीच उरते. दाब कित्येक पट होतो, कॅप उघडते, कूलंट बाहेर. मग मालक म्हणतो टाकी गळते आणि पुन्हा काठोकाठ भरतो. गार असताना निम्म्याच्या खाली पातळी ठेवायची, बस.

टाकीला तीन जोडण्या लागतात. तळाला १९ मिमीची तोटी, अगदी खालच्या बिंदूवर. ८ मिमीची तोटी गार पातळीच्या वर, हवेच्या भागात. आणि माथ्यावर कॅपचं तयार तोंड, जे वेल्ड करायला सुटं मिळतं. तोंड आणि कॅप एकाच जातीची हवीत. जपानी पद्धतीची लहान कॅप आपल्याकडे सगळीकडे मिळते, तिच्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तोंडाची खोली कॅपला जुळली नाही तर खालचं रबर बैठकीवर टेकतच नाही किंवा गरजेपेक्षा जास्त दाबलं जातं, आणि कॅपवर लिहिलेला आकडा निरर्थक होतो. तोट्यांच्या टोकाला मणी (उंच गोल कड) काढून घ्या, गुळगुळीत पाइपवरून होज दाबाखाली सरकतो.

टाकी बनली की पाण्याने दाब-चाचणी करा. सगळी हवा काढून पूर्ण पाणी भरायचं, कॅपच्या जागी बंद झाकण, हातपंपाने २ बार, दहा मिनिटं. काटा हलता कामा नये. हवा भरून चाचणी करू देऊ नका, कारण दाबलेल्या हवेत ताकद साठते आणि वेल्ड सुटला तर तबकडी अंगावर येते. पाण्यात तसं होत नाही, नुसतं शिंतडतं.

---

स्टॉर्म_नाशिकरोड

सविस्तर उत्तरांबद्दल मनापासून आभार. ब्लॉक टेस्टरने तपासून घेतलं, द्रव निळंच राहिलं.

टाकीसाठी फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधली भिंत) जागा पाहिली. तिथे उभ्यात मोकळी उंची १७० मिमी आहे, म्हणजे १८० ची टाकी उभी मावत नाही. आडवी ठेवली तर मावते, पण मग टाकीची मध्यरेषा थर्मोस्टॅट हाउसिंगच्या (गरम झाल्यावर उघडणाऱ्या कूलंटच्या झडपेचं घर) माथ्यापेक्षा २५ मिमी खाली येते. उंचवता येत नाही, कॅप बोनेटला लागेल. एवढा फरक चालेल का? की दुसरा मार्ग आहे?

---

थर्मोस्टॅट८८

आधी माप पक्कं करा. गाडी सपाट फरशीवर, टायरची हवा सारखी. गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घ्या, एक टोक हाउसिंगच्या माथ्याला, दुसरं टाकीच्या जागेला. पट्टीने खालून मोजण्यापेक्षा हे कितीतरी बिनचूक. बोनेटचं अंतर पाहायला कॅपच्या जागी कणकेचा गोळा प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, बोनेट बंद करून उघडा आणि दबलेल्या कणकेची जाडी मोजा. २० मिमीपेक्षा कमी नको. इंजिन आपल्या रबरांवर हलतं आणि फायबरचं बोनेट वाऱ्याने कंप पावतं.

माप तेच आलं तर २५ मिमी खाली असलेली पातळी मी स्वीकारणार नाही. ८ मिमीची नळी चालू इंजिनमध्ये हवा आणत राहील हे खरं, पण इंजिन बंद असताना हवा परत हेडकडे सरकेल आणि रोज सकाळी कोरड्या हेडवर इंजिन सुरू होईल.

त्यापेक्षा पद्धतच बदला. कॅप टाकीवरून उचलून यंत्रणेच्या सर्वांत उंच बिंदूवर आणा. इंजिनकडून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या होजमध्ये मधोमध बसणारं ॲल्युमिनियमचं, कूलंट भरायचं तोंड मिळतं: दोन्ही बाजूंना होजच्या मापाच्या तोट्या, वर कॅप, कॅपच्या कडेला बारीक नळीची तोटी. टिगवाला भाऊ ते तासाभरात बनवूनही देतील. हे बसवलं की तुमची यंत्रणा पहिल्या जातीची होते, आणि मग ८०० ची बाटली बंपरमध्ये ठेवायला माझी काहीच हरकत नाही. बाटली कुठे ठेवायची हा प्रश्न कॅप कुठे आहे यावर अवलंबून असतो. कॅप उंच असली की दाब नसलेली बाटली खाली चालते.

काही गोष्टी मात्र चुकवू नका.

होज कापताना तोंड बसल्यावर होजचा सर्वांत उंच भाग तोंडापाशीच येईल असं पाहा. तोंडाच्या आधी किंवा नंतर कमान राहिली तर हवा कमानीत बसते आणि सगळा खटाटोप वाया जातो.

हेडवरून येणारी ८ मिमीची हवेची नळी बंद करू नका. ती नव्या तोंडाच्या कॅपखालच्या भागात, दाबाच्या बाजूला जोडा. त्यासाठी तोंडाला आणखी एक तोटी वेल्ड करून घ्या. नळी सतत चढती हवी, मध्ये झोळ नको. झोळात पाणी साठलं की हवा अडते.

१९ मिमीची जुनी नळी पंपाच्या ओढीच्या बाजूला आहे, तिचं तोंड बंद करावं लागेल. तिच्यात बोल्ट खुपसून क्लिप मारलेली पाहायला मिळते. बोल्टच्या आट्यांमधून पाझरतं आणि ओढीच्या बाजूला असल्याने हवाही आत येते. रबरी टोप्या उष्णतेने तडकतात. लेथवर ॲल्युमिनियमचा भरीव गट्टू करून घ्या, ३० मिमी लांब, टोकाला मणी, आणि नळी आखूड कापून त्यावर दोन क्लिपा.

कॅप १.१ ची घ्या. वरच्या होजमध्ये पंपाचा थोडा दाब आधीच असतो, आरपीएम वाढले की तो वाढतो. ०.९ ची कॅप तिथे जोरात गाडी चालवताना उगाच उघडू शकते.

आणि कॅप विकत घेताना उलटी करून पाहा. खाली एक रबर असतं ते दाब धरतं. त्याच्या मधोमध छोटी तबकडी असते, नखाने ओढली की हलायला हवी. ती परतीची झडप. वर, झाकणाच्या आतल्या अंगाला, आणखी एक पातळ रबर असतं. हे वरचं रबर नसलं किंवा वाळलं असलं तर गार होताना यंत्रणा बाटलीतून कूलंट ओढत नाही, तोंडाच्या कडेने हवा ओढते. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, हा गोंधळ बहुतेक वेळा त्या एका रबरामुळे होतो.

---

टिगवाला_अंबड

तोंड बनवायचं तर होजचा आतला व्यास दोन्ही टोकांना मोजून आणा, कधीकधी इंजिनकडे आणि रेडिएटरकडे वेगळा असतो. तोंडाला एक कान वेल्ड करू, म्हणजे त्याचं वजन होजवर न राहता इंजिनच्या एखाद्या बोल्टवर राहील. आधार इंजिनलाच द्या, बॉडीला नको. एक टोक इंजिनसोबत हलतं आणि दुसरं बॉडीला जखडलेलं असलं की होज क्लिपपाशी कापला जातो.

बाटलीची उंचीही पाहा. बाटली तोंडापेक्षा ३५०-४०० मिमीपेक्षा जास्त खाली नको. परतीची झडप साधारण ०.०५ बारला उघडते आणि ४०० मिमी पाणी वर ओढायला आणखी ०.०४ बार लागतो. दोन्ही मिळून जुना मऊ होज पुन्हा चपटा व्हायला लागेल. वरचा होज दाबून बघा. बोटांत लिबलिबीत लागत असेल तर याच कामात बदला.

---

जुनीगाडी_देवळाली

बाटलीकडे जाणारी बारीक नळी साध्या पारदर्शक पीव्हीसीची घेऊ नका. गरम कूलंटने मऊ पडते, तोटीवर सैल होते आणि तिथून हवा ओढते. ईपीडीएम रबराची, आत धाग्यांची जाळी असलेली ६ किंवा ८ मिमीची कूलंट नळी घ्या. पेट्रोलची नळी हाताशी असते म्हणून लावतात, पण तिचं रबर तेलासाठी असतं, सततच्या गरम पाण्यासाठी नाही.

बाटलीत नळी तळापर्यंत पोचायला हवी, तळापासून १० मिमी वर. टोक तिरकं कापा म्हणजे तळाला चिकटून बंद होणार नाही. बाटलीच्या झाकणातलं हवेचं भोक मोकळं आहे ना ते पाहा. वापरलेल्या बाटलीत ते चिखलाने बुजलेलं असतं, आणि भोक बुजलं की दाब नसलेल्या बाटलीतही दाब तयार होतो. बाटली ८०० मिली ते १ लिटरची असावी आणि गार असताना एक तृतीयांश भरलेली.

---

फायबर_सातपूर

पकडीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण फायबरच्या गाडीत बिघडतं ते इथेच.

फायबरमध्ये सेल्फ-टॅपिंग स्क्रू मारू नका. आटे काचेच्या धाग्यांत धरत नाहीत, कंपनाने भोक मोठं होत जातं. बाटली भरली की दीड किलोच्या आसपास होते, आणि आपल्या गतिरोधकांवर ती दीड किलो प्रत्येक वेळी स्क्रू उपटायला पाहते.

पकड शक्यतो चॅसिसच्या लोखंडी भागाला द्या. तसा भाग जवळ नसेल तर फायबरमधून आरपार एम६ बोल्ट, मागच्या बाजूला ३ मिमी ॲल्युमिनियमची ६० × ६० ची पट्टी, पुढे ३० मिमीचा मोठा वॉशर, नायलॉक नट. फायबरचे बहुतेक भाग पॉलिस्टर रेझिनचे असतात आणि हे रेझिन साधारण ७०-८० अंशांपुढे मऊ पडू लागतं. गरम इंजिनशेजारी आवळलेला बोल्ट फायबर हळूहळू दबवत जातो आणि सैल होतो. म्हणून भोकात फायबरच्या जाडीएवढी धातूची नळी बसवा. बोल्टचा ताण त्या नळीवर येतो, फायबर चेपत नाही.

भोक पाडताना दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, आधी ३ मिमी, मग ६.५ मिमी, मागे लाकडी ठोकळा. ड्रिल बाहेरच्या गुळगुळीत बाजूने आत घाला. आतून बाहेर पाडलं तर वरचा जेलकोट (फायबरचा बाहेरचा गुळगुळीत थर) तारा फुटावा तसा तडकतो. मास्क आणि चष्मा लावा, काचेची भुकटी फुप्फुसात आणि डोळ्यांत जायला नको. भोकाची उघडी कड रेझिनचा एक थर लावून बंद करा, नाहीतर पाणी धाग्यांत शिरतं. बाटली आणि पकड यांच्यामध्ये रबरी बुश.

बंपरमागची जागा चाकाच्या समोर असेल तर बाटलीवर चिखल आणि खडी येणार. २ मिमी प्लास्टिकचा आडोसा करा, चाक पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन दाबून तो लागत नाही ना ते पाहा. बाटली बंपरच्या खालच्या कडेपेक्षा किमान ५० मिमी वर राहू द्या.

आणखी एक. फायबरची बॉडी वीज वाहून नेत नाही, सगळी अर्थिंग तारांवरच असते. इंजिनची अर्थ तार खराब असेल तर वीज कूलंटमधून वाट काढते आणि नवीन ॲल्युमिनियमचं तोंड आतून खड्डे पडून जातं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल तारेचं टोक कूलंटमध्ये बुडवा, धातूला लावू नका. फॅन, हेडलाइट चालू करून पाहा, स्टार्टर फिरवून पाहा. ०.३ व्होल्टच्या वर गेलं तर आधी अर्थिंग दुरुस्त करा. ०.१ च्या आत असेल तर उत्तम.

---

स्टॉर्म_नाशिकरोड

हा मार्ग पक्का केला. वरच्या होजमध्ये तोंड, १.१ ची कॅप, बाटली बंपरच्या आत, तोंडापासून उंचीचा फरक ३३० मिमी येतो. अर्थिंग मोजलं, सगळं चालू असताना ०.०६ व्होल्ट.

दोन शेवटचे प्रश्न. जुना कूलंट हिरवा आहे आणि त्यात आधी काय मिसळलं आहे ते कळत नाही. पूर्ण धुऊन किती भरावा? आणि हवा काढायची क्रमवार पद्धत सांगाल का?

---

थर्मोस्टॅट८८

जुना पूर्ण काढा. इंजिन गार असताना खालचा होज सोडा आणि जे निघेल ते बादलीत मोजून घ्या. बादली झाकून ठेवा. हा पदार्थ गोड लागतो आणि कुत्र्या-मांजरांना विषारी असतो. गटारीत ओतू नका.

साध्या पाण्याने धुवा: भरा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवा, गार होऊ द्या, काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत. शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्याने. बोअरचं पाणी आत राहू देऊ नका, त्यातले क्षार गरम भिंतींवर थर धरतात.

धुतल्यावर ब्लॉक आणि हीटरमध्ये बरंच पाणी उरतं, ते खालच्या होजमधून निघत नाही. आता तयार मिश्रण भरलं तर ते पातळ होईल. म्हणून कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेला कूलंट) घ्या. यंत्रणेची पूर्ण क्षमता ५ लिटर धरली तर आधी २ लिटर कॉन्सन्ट्रेट ओता, मग उरलेल्या जागेत डिस्टिल्ड पाणी. ४० टक्के होतं. आपल्याकडे गोठण्याचा प्रश्न नाही, पण ३३ टक्क्यांच्या खाली गेलं की गंजरोधक कमी पडतो आणि लोखंडी ब्लॉक-ॲल्युमिनियम हेडची जोडी लवकर खराब होते. एकच प्रकार वापरा, रंग बघून मिसळू नका. दोन कंपन्यांचा हिरवा सारखाच असेल असं नाही. शेवटी रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबभर कूलंटवरून प्रमाण दाखवणारं उपकरण) प्रमाण तपासून घ्या.

हवा काढताना गाडीचं पुढचं टोक चढावर करा म्हणजे तोंड निर्विवाद सर्वांत उंच येईल. हीटर असेल तर पूर्ण गरमवर. होजवर किंवा रेडिएटरवर हवेचे स्क्रू असतील तर ते उघडे ठेवा. तोंडातून सावकाश भरा, मध्ये थांबून वरचा होज हाताने दाबत राहा, बुडबुडे येतात. स्क्रूमधून बुडबुड्याशिवाय धार आली की खालचा आधी बंद करा, वरचा नंतर.

कॅप न लावता इंजिन आयडलवर चालू करा. पातळी उतरेल, भरत राहा. वरचा होज गरम होऊ लागला की थर्मोस्टॅट उघडला. तिथे पातळी एकदम खाली जाते, ती लगेच भरा आणि कॅप लावा, कारण त्यापुढे उघड्या तोंडातून उसळी येते. बाटली एक तृतीयांश भरा. आता फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत आयडलवर ठेवा. काटा मध्याच्या वर चढत असेल आणि फॅन लागत नसेल तर इंजिन बंद करा; फॅनच्या स्विचपाशी अजून हवा आहे किंवा स्विच खराब आहे.

मग रात्रभर गार होऊ द्या. सकाळी आधी बाटलीतली पातळी पाहा, मग कॅप उघडा. तोंड काठोकाठ भरलेलं आणि बाटलीतली पातळी काल गरम असताना होती त्यापेक्षा खाली आलेली, तर परतीचा मार्ग चालू आहे. तोंड रिकामं असून बाटलीतली पातळी तशीच असेल तर हवा आत येतेय: कॅपचं वरचं रबर, बारीक नळीची दोन्ही टोकं, या क्रमाने पाहा. पहिले चार-पाच दिवस रोज सकाळी हे बघा. थोडी पातळी उतरणं ठीक आहे, अडकलेली हवा निघत असते.

कसारा घाटाची चाचणी त्यानंतरच करा. वर पोचल्यावर लगेच चावी काढू नका, दोन मिनिटं आयडलवर फॅन चालू राहू द्या. बंद केल्यावर बाटलीतली पातळी दोन बोटं वर आलेली दिसेल, झाकणातून काही बाहेर येता कामा नये. आणि तासभर तरी कॅपला हात लावायचा नाही.